व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतील अनाथ मुले : करुणा नेमकी कोणाच्या वाट्याला?

पारिजातक

डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला, वाडगा पुढे करून आणखी पेज मागणारा मुलगा आपल्यापैकी बहुतेकांना संक्षिप्त आवृत्त्यांतून किंवा चित्रपटांतून ठाऊक असतो. संपूर्ण कादंबरी वाचणारे थोडे असतात, त्यामुळे शेवटाकडचा एक तपशील सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. ऑलिव्हरच्या वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवलेले असते आणि त्यात अशी अट असते की, होणारे अपत्य मुलगा असल्यास त्याने सज्ञान होईपर्यंत आपल्या नावाला जाहीर बट्टा लागेल असे काहीही केलेले नसावे, तरच त्याला वाटा मिळावा. ऑलिव्हरचा सावत्र भाऊ मंक्स हा चोरांचा म्होरक्या फेगिन याला पैसे चारून ऑलिव्हरला चोर बनवू पाहतो, तो याच अटीसाठी.

माझे म्हणणे असे की, व्हिक्टोरियन कादंबरी गरीब मुलाला वाचवते ती बहुधा तो मुळात गरीब नव्हताच हे सिद्ध करून. ऑलिव्हर एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या मुलीचा आणि सधन गृहस्थाचा मुलगा निघतो, म्हणून त्याला घर मिळते. त्याच्याबरोबर उपाशी राहिलेला आणि फाटकावर चढून, गळ्यात हात टाकून त्याला निरोप देणारा लहानगा डिक मात्र शेवटाकडे एका छोट्याशा वाक्यात मेलेला असतो. या साहित्यातली करुणा खरोखर गरिबांच्या मुलांसाठी होती, की वाट चुकून गरिबीत आलेल्या भल्या घरच्या मुलांसाठी होती? ज्यांनी ही पुस्तके मुळातून वाचली आहेत त्यांची मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

तळटीप

आपण शेवटावर फार भार टाकत आहात असे मला वाटते. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांच्या मदतीचा नवा कायदा आला. वर्कहाउसमधले, म्हणजे निराधारांना ठेवून कामाला लावण्याच्या घरातले, जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही नकोसे असले पाहिजे, म्हणजे लोक मदत मागायला येणार नाहीत, हे त्याचे उघड सूत्र होते. नवरा, बायको आणि मुले यांना आत वेगवेगळे ठेवले जाई. ही कादंबरी फेब्रुवारी १८३७ पासून मासिकात क्रमशः येऊ लागली, म्हणजे त्या कायद्याची शाई वाळते न वाळते तोच. पुढे १८४५ मध्ये अँडोव्हरच्या वर्कहाउसात, खतासाठी कुटायला दिलेल्या हाडांवरचे उरलेसुरले मांस आणि आतला मगज भुकेली माणसे खात असल्याचे उघडकीस आले, तेव्हा लोकांना कादंबरी खोटी वाटेनाशी झाली असणार. मृत्युपत्र वगैरे कथानक मिटवण्याची सोय आहे. आपण स्वतःच लिहिले आहे की लोकांच्या लक्षात वाडगा राहिला आहे.

खडूफळा

ऑलिव्हर, अनाथ बाळे पैसे घेऊन सांभाळणाऱ्या मिसेस मान यांच्याकडे अर्धपोटी वाढला, मग वर्कहाउसात वाढला, आणि तरीही तो एखाद्या पाद्र्याच्या घरचा मुलगा बोलावा तशी नितळ इंग्रजी बोलतो. हल्ली पालक वर्षाला लाखभर रुपये शुल्क भरूनही हे साधत नाही. त्या बाई दर डोई आठवड्याला साडेसात पेन्समध्ये साधत होत्या आणि त्यातलेही बरेचसे स्वतः खात होत्या.

रानजाई

खडूफळा यांनी विनोदाने लिहिले असले तरी मुद्दा तोच आहे. त्याच कादंबरीतला ‘आर्टफुल डॉजर’ हा खिसेकापू पोरगा लंडनच्या गल्लीत बोलतात तसेच बोलतो, आणि शेवटी त्याला काळ्या पाण्याची शिक्षा होते. परंतु न्यायालयातला त्याचा प्रसंग पुन्हा वाचून पाहावा. आपण इंग्रज आहोत, आपले हक्क कोठे आहेत असे तो न्यायाधीशांना दरडावून विचारतो, आणि न्याय मिळण्याचे हे दुकान नव्हे असेही सुनावतो. ऑलिव्हरच्या तोंडी सबंध कादंबरीत इतके धारदार वाक्य आलेले नाही. लेखक वाचवतो ऑलिव्हरला, पण त्याचे कान डॉजरकडे लागलेले आहेत, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

तिसरा प्रहर

नॉटिंगहॅमशायरमध्ये साउथवेल येथे १८२४ साली बांधलेले वर्कहाउस आज नॅशनल ट्रस्टने जतन केले आहे आणि ते पाहता येते. १८३४ चा कायदा करणाऱ्यांपुढे जे नमुने होते त्यांत ही इमारत होती. तेथे क्रूरपणाचे असे काही दिसत नाही, हेच तेथे अस्वस्थ करते. पांढऱ्या भिंती, स्वच्छ जिने, आणि पुरुष, बायका व मुले यांची एकमेकांशी गाठ पडू नये अशा बेताने आखलेली अंगणे. कोणीतरी पुष्कळ विचार करून, नकाशा काढून ही ताटातूट बांधलेली आहे.

तळटीप यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. कादंबरीत रोज तीन वेळा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा आणि रविवारी अर्धा पाव असा आहार सांगितला आहे, तो प्रत्यक्षातल्या सरकारी आहारतक्त्यांशी जुळत नाही. त्या तक्त्यांत पाव, चीज, बटाटे आणि काही दिवस मांसही असे, जरी सारे मोजून मापून असले तरी. व्यंगचित्रकार नाक मोठे काढतो तसे डिकन्सने केले आहे, आणि ते त्याला शोभतेही.

शिळोप्याची गोष्ट

पारिजातक यांच्या सिद्धान्ताला ‘निकोलस निकल्बी’तला स्माइक सरळ छेद देतो. यॉर्कशायरमधल्या डोथबॉइज हॉल या शाळेत नकोशी झालेली मुले टाकून दिलेली असतात आणि तेथे स्क्विअर्स मास्तर त्यांना उपाशी मारतो. स्माइक हा राल्फ निकल्बी या गडगंज सावकाराचा मुलगा आहे हे शेवटी कळते, पण तोवर स्माइक क्षयाने गेलेला असतो. म्हणजे रक्त श्रीमंताचे असूनही येथे त्याचा काही उपयोग झाला नाही.

या कादंबरीने काही प्रत्यक्ष परिणाम साधला हेही नोंदवावेसे वाटते. डिकन्स १८३८ च्या सुरुवातीला चित्रकार हॅब्लट ब्राउन याला बरोबर घेऊन त्या भागात शाळा पाहायला गेला होता. तेथील विल्यम शॉ नावाच्या शाळाचालकावर, मुलांची दृष्टी गेल्याबद्दल १८२३ मध्येच खटला होऊन त्याला दंडही झालेला होता, आणि तरी त्याची शाळा बिनदिक्कत चालू होती. कादंबरीनंतर मात्र अशा शाळांची रया गेली.

पारिजातक

शिळोप्याची गोष्ट, स्माइकचा दाखला बिनतोड आहे. तरीही एक शंका उरते. राल्फ हा व्याजबट्ट्यावर पोसलेला सावकार असून त्याच्या पापाची शिक्षा म्हणून त्याचा मुलगा मरतो. म्हणजे मुलाचे मरणसुद्धा मुलाचे नाही, बापाच्या हिशेबात मांडलेले आहे. गरीब मूल कोणाच्या तरी पुण्याचे बक्षीस किंवा पापाचा दंड म्हणून कथेत येते, स्वतःसाठी येत नाही, असे म्हटले तर?

कोरा कागद

असे म्हटले तर ‘ब्लीक हाउस’मधला जो काय करतो, याचे उत्तर द्यावे लागेल. तो रस्त्यावरचा चिखल झाडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेल्या पैशांवर जगतो. त्याला आईबाप नाहीत, आडनाव नाही, आणि मृत्युपत्र तर नाहीच. एका मृत्यूच्या चौकशीत त्याची साक्ष घेतली जात नाही, कारण त्याला काहीच ठाऊक नाही. पोलीस त्याला ‘पुढे चल’ एवढेच सांगत राहतो, पण पुढे म्हणजे कोठे हे कोणी सांगत नाही. एका प्रसंगी तो परदेशांत धर्मप्रसार करणाऱ्या संस्थेच्या पायरीवर बसून पाव खातो आणि त्या देखण्या इमारतीचे त्याला कौतुक वाटते. इतकी गार, इतकी नेमकी चीड मला इंग्रजी कादंबरीत फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

जो कोणा श्रीमंताचा मुलगा निघत नाही. तो मरतो तेव्हा निवेदक थेट राणीला, सरदारांना आणि धर्मगुरूंना उद्देशून बोलतो, आणि अशी मुले आपल्या अवतीभोवती रोज मरत आहेत असे सांगतो. त्याचे मरण कोणाच्या हिशेबात मांडलेले असेल तर ते वाचणाऱ्याच्या.

खडूफळा

त्याच कादंबरीतल्या मिसेस जेलिबी यांना आफ्रिकेतल्या बोरिओबूला-घा येथील लोकांची इतकी चिंता असते की त्यांचे स्वतःचे एक मूल कठड्याच्या गजांत डोके अडकवून बसले आहे हे त्यांना दिसत नाही. समाजमाध्यमांवर त्यांचे खाते असते तर त्यांना लाखांनी अनुयायी मिळाले असते.

उंबराचे फूल

‘ब्लीक हाउस’ निघालेच आहे तर गस्टरकडे दुर्लक्ष होऊ नये. स्नॅग्जबी यांच्या घरी काम करणारी ही वर्कहाउसमधली मुलगी, तिला फेफरे येते, आणि ती टूटिंग येथे एका ‘परोपकारी’ माणसाकडे वाढली असे लेखक जाताजाता सांगतो. त्या काळच्या वाचकाला तेवढा इशारा पुरेसा होता. टूटिंगला ड्रुए नावाचा माणूस लंडनच्या अनेक पॅरिशांची (चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या स्थानिक विभागांची) गरीब मुले दर डोई पैसे घेऊन ठेवत असे. तेथे १८४८ च्या अखेरीस पटकी शिरली आणि दीडशेहून अधिक मुले दगावली. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. डिकन्सने त्यावर ‘एक्झॅमिनर’मध्ये जळजळीत लेख लिहिले होते. कादंबरीत मात्र त्याने मरणाचे वर्णन केले नाही, त्यातून वाचलेली एक मुलगी दाखवली आणि तिला फेफऱ्याचे झटके दिले. आणि पुढे भुकेल्या जोला स्वतःच्या ताटातले अन्न देते ती हीच गस्टर.

तळटीप

आता खरा प्रश्न विचारतो. ही पुस्तके कोण विकत घेत होते? ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ज्या ‘बेंटलीज मिसेलनी’त आली त्या मासिकाच्या अंकाची किंमत अडीच शिलिंग होती. डिकन्स स्वतः बारा वर्षांचा असताना बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला होता, तेथे त्याला आठवड्याला सहा शिलिंग मिळत. म्हणजे त्या मुलाला स्वतःचीच कथा वाचायला जवळजवळ अर्ध्या आठवड्याची मजुरी मोजावी लागली असती. गरिबांसाठी स्वस्तातल्या नकला निघत, त्यांतल्या एकीचे नाव चक्क ‘ऑलिव्हर ट्विस’ असे होते. मूळ लेखन मध्यमवर्गासाठीच होते, आणि ज्याला गरिबीची कल्पना नाही अशा वाचकाचे काळीज हलवायचे तर त्याच्यासारखेच बोलणारे मूल त्या गरिबीत टाकावे लागते. मी याला ढोंग म्हणणार नाही, वकिली म्हणेन.

पाणकळा

तळटीप यांनी पॉलिशच्या कारखान्याचा उल्लेख केलाच आहे, म्हणून मला या धाग्याच्या मुळाशी वाटणारी गोष्ट थोड्या विस्ताराने मांडतो.

१८२४ मध्ये डिकन्सचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले, आणि त्याच सुमारास मुलाला हंगरफर्ड स्टेअर्स येथील वॉरन यांच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद बांधण्याच्या आणि चिठ्ठ्या चिकटवण्याच्या कामाला लावले गेले. हे त्याने आयुष्यभर जगापासून लपवले. आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला त्याने ते लिहून दिले होते, आणि फॉर्स्टरने ते त्याच्या मृत्यूनंतर चरित्रात छापले. त्या लिखाणात भुकेपेक्षाही मोठे दुःख आहे ते आपली पायरी सुटल्याचे. आपण शिकून मोठे होणार होतो आणि आता या पोरांत मिसळलो, हा सल त्याच्या वाक्यावाक्यात आहे. तेथले लोक त्याला ‘छोटे साहेब’ म्हणत, हेही तो आवर्जून नोंदवतो.

त्या पोरांत एक बॉब फेगिन नावाचा मुलगा होता. तो खरोखरचा अनाथ होता आणि नावाड्याचे काम करणाऱ्या मेहुण्याकडे राहत असे. डिकन्सच्या कुशीत एकदा असह्य कळ आली, तेव्हा या बॉबने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून दिवसभर त्याला शेक दिला, आणि संध्याकाळी त्याला घरापर्यंत पोचवायलाही निघाला. आपले आईवडील तुरुंगात आहेत हे कळू नये म्हणून डिकन्स एका परक्याच घराच्या पायरीवर त्याचा निरोप घेऊन उभा राहिला.

पुढे या मुलाचे नाव त्याने कोणाला दिले ते आपण जाणतोच. गरीब, अनाथ आणि दयाळू असा जो मुलगा त्याला प्रत्यक्ष भेटला त्याचे नाव चोरांच्या म्होरक्याला, आणि घसरून खाली आलेल्या ‘छोट्या साहेबा’चे दुःख नायकाला. पारिजातक यांना जे मृत्युपत्रात दिसले ते मला या नामकरणात दिसते. ही करुणा खोटी मुळीच नव्हती, ती भीतीतून आलेली होती.

रानजाई

पाणकळा यांचा प्रतिसाद फार आवडला, परंतु फेगिनचा विषय ज्यू समाजाच्या चित्रणापासून तोडता येणार नाही. एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी १८६३ मध्ये डिकन्सला पत्र लिहून तक्रार केली होती. त्याने नंतरच्या आवृत्तीत पुष्कळ ठिकाणी ‘तो ज्यू’ हा उल्लेख काढला, आणि ‘आवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये राया हे सज्जन ज्यू पात्र आणले.

सागरगोटा

सगळी चर्चा डिकन्सभोवती फिरते आहे. शार्लट ब्रॉन्टेची जेन एअर दहा वर्षांची असताना तिला विचारले जाते की, गरीब असले तरी प्रेमळ असे कोणी नातलग असतील तर त्यांच्याकडे जायला तुला आवडेल का. ती नाही म्हणते, कारण गरिबी म्हणजे फाटके कपडे, उद्धटपणा आणि दुर्गुण असेच तिच्या मनावर बिंबले आहे. मोठेपणीची जेन हे लपवत नाही, उलट तेव्हा आपल्यात तेवढे धैर्य नव्हते असे स्पष्ट सांगते. या प्रामाणिकपणासाठी मी शार्लटला डिकन्सच्या वर ठेवते. शेवटी मदेरातल्या काकांचे वीस हजार पौंड येतात हे खरे, पण ती ते चौघांत वाटून टाकते.

जेनला धाडले जाते त्या लोवुड शाळेतले करपलेले अन्न आणि आजारपणे कल्पित नाहीत. कोवन ब्रिजच्या ज्या शाळेवरून लोवुड उभी राहिली तेथून आजारी होऊन घरी आलेल्या मरायह आणि एलिझाबेथ या शार्लटच्या थोरल्या दोन्ही बहिणी १८२५ मध्ये वारल्या. धाकट्या एमिलीने तर ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला हीथक्लिफ उभा केला, जो कोणाचेही उपकार मानत नाही आणि दोन घराणी धुळीला मिळवतो. त्याच्याकडे पाहून शेजारचे लिंटन हा हिंदी खलाशाचा पोर असावा असा तर्क करतात.

तिसरा प्रहर

मुंबईशी थेट संबंध असलेले एक उदाहरण द्यावेसे वाटते. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कला शाळेत शिकवत. १८७१ मध्ये त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी येथे एका परक्या कुटुंबात ठेवून आईवडील परतले. सांभाळणाऱ्या बायांच्या भाषेत बोलणाऱ्या त्या मुलाने तेथे काही वर्षे जो छळ सोसला, त्यावर त्याने १८८८ मध्ये ‘बा बा, ब्लॅक शीप’ ही कथा लिहिली. आईबाप जिवंत असताना अनाथ झालेली ही साम्राज्याची मुले.

शिळोप्याची गोष्ट

कथा हृदयद्रावक आहेच, तथापि तो मुलगा गरीब नव्हता. या धाग्यात पुन्हा भल्या घरच्या मुलाकडेच आपले मन वळले, याची गंमत वाटते.

उंबराचे फूल

उपकार न मानणारा हीथक्लिफ आठवला तसे ‘लिटल डॉरिट’मधल्या टॅटीकोरमवरही लिहिले पाहिजे. लंडनचे फाउंडलिंग हॉस्पिटल टॉमस कोरम याने १७३९ मध्ये स्थापन केले. नाव हॉस्पिटल असले तरी ते टाकलेल्या मुलांचे वसतिगृह होते. मूल आत घेतले की त्याला नवे नाव दिले जाई, आणि मुली बहुधा घरकामाला धाडल्या जात. आज तेथल्या संग्रहालयात, आयांनी मुलाबरोबर ओळखीसाठी ठेवलेली नाणी आणि कापडाचे तुकडे पाहायला मिळतात.

मिस्टर मीगल्स अशी एक मुलगी आपल्या लाडक्या लेकीसाठी दासी म्हणून आणतात, तिचे नाव पुन्हा बदलतात, आणि तिला राग आला की पंचवीसपर्यंत आकडे मोजायला सांगतात. तिच्याहून थोड्या मोठ्या मुलीचे लाड चाललेले रोज पाहत तिने आनंदी राहावे ही अपेक्षा. ती एक दिवस निघून जाते. डिकन्सने तिचा संताप इतका खरा लिहिला आहे की नंतर तिला क्षमा मागायला परत आणले तेव्हा माझा त्या क्षमेवर विश्वास बसला नाही. ऑलिव्हर सहसा रागावत नाही म्हणून तो वाचकांना आवडतो. रागावणाऱ्या अनाथ मुलीचे काय करायचे हे त्या समाजाला माहीत नव्हते, लेखकालाही नव्हते.

खडूफळा

‘आवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये बॉफिन दांपत्याला एक अनाथ मूल हवे असते. ही बातमी फुटताच अनाथांचा भाव शेअर बाजारासारखा वधारतो, सकाळी कवडीमोल असलेले मूल दुपारी अधिमूल्यावर जाते, आणि नकली अनाथही बाजारात येतात, म्हणजे आईबाप मेल्याचे सोंग करून दडून बसतात. पारिजातक, आपल्या सिद्धान्ताची टिंगल डिकन्सने स्वतःच करून ठेवली आहे.

कोरा कागद

त्या विनोदाच्या पाठोपाठ बेटी हिग्डन येते आणि तिचा पणतू जॉनी लहान मुलांच्या रुग्णालयात मरतो, हेही सांगायला हवे होते. ती म्हातारी वर्कहाउसात जाण्यापेक्षा रस्त्यावर मरणे पसंत करते. ऑलिव्हरला सत्तावीसएक वर्षे उलटली होती आणि डिकन्स अजून त्याच दाराशी भांडत होता.

सागरगोटा

मूळ प्रश्नाला माझ्या मते सर्वांत नेमके उत्तर जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’मध्ये आहे, आणि ती १८६१ ची आहे. एपीची आई बर्फात मरते आणि ते दोन वर्षांचे मूल एकट्या विणकराच्या चुलीशी येऊन झोपते. सोळा वर्षांनी तिचा खरा बाप, गावचा जमीनदार गॉडफ्री कॅस, तिला न्यायला येतो. म्हणजे ऑलिव्हरला जे मिळाले तेच तिच्यापुढे ठेवले जाते : रक्ताचा हक्क, मोठे घर, उंची कपडे. ती नाकारते, विणकरालाच बाप मानते आणि एका कष्टकरी मुलाशी लग्न करते. एलियट येथे गरिबीचे गोडवे गात नाही, एपीला कोणी वाढवले एवढाच प्रश्न लावून धरते. दत्तकविधानाला इंग्लंडमध्ये कायद्याचा आधार थेट १९२६ मध्ये मिळाला. त्यामुळे सायलसकडे दाखवायला एकही कागद नव्हता.

तळटीप

एपी मान्य, परंतु रॅव्हलोसारखे कल्पित खेडे असल्यामुळे ते जमले. लंडनच्या वस्तीत जन्मलेल्या मुलाला हे स्वातंत्र्य कोणी दिले ते दाखवा. शतक संपताना आर्थर मॉरिसनच्या ‘अ चाइल्ड ऑफ द जेगो’त डिकी पेरटला सतराव्या वर्षी भोसकले जाते. हार्डीच्या ‘ज्यूड’मध्ये तर थोरला मुलगा, आपण भावंडे फार झालो म्हणून, धाकट्यांना आणि स्वतःला संपवतो. दडलेला वारसा, ऑलिव्हरला घर देणारा उदार ब्राउनलो, सगळे एव्हाना रद्द झाले होते.

पारिजातक

सर्वांचे मनापासून आभार. कोरा कागद आणि सागरगोटा यांनी माझे सरसकट विधान मोडीत काढले आहे. जो आणि एपी या दोघांनाही दडलेला वारसा लागत नाही, किंवा तो पुढे आला तरी नको असतो. पाणकळा यांनी मात्र जे मला नीट मांडता आले नव्हते ते मांडले. आमच्या वाचनगटात नववी-दहावीची मुले आहेत आणि त्यांच्यासाठी यांतले एक पुस्तक निवडायचे आहे. ‘सायलस मार्नर’ लहान आहे म्हणून सोपे, परंतु मला ‘ब्लीक हाउस’मधली जो आणि गस्टर यांची प्रकरणे वेगळी काढून वाचावीत असेही वाटते. संदर्भ तोडून ती उभी राहतील का?

कोरा कागद

उभी राहतील, फक्त जोच्या मृत्यूवर सुरुवात करू नये. साक्षीच्या प्रसंगापासून घ्या, आणि ‘पुढे चल’ हे सांगणारा पोलीस येईल तेथे मुलांनाच विचारा की हा मुलगा आता कोणत्या दिशेने जाईल. चार्ली नेकेटचे प्रकरणही जोडा. तेराएक वर्षांची ती मुलगी दोन धाकट्या भावंडांना खोलीत कोंडून धुणी धुवायला जाते, आणि ती मरत नाही.